फ्रिश-आउफचे पट्टेरी गोलखांब

हास्लरॉइथ, ४ मार्च २०१९

प्रिय कोर्बी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच फाडणार असशील, तर आधी आतला फोटो काढून घे. १९७२ ची आपली टीम आहे. डावीकडून पहिला तू. चेहरा हललाय, पण कानांवरून कोणीही ओळखेल.

काम निघालं म्हणून लिहितेय. काम नसतं तर लिहिलं नसतं, आणि तूही लिहिलं नसतंस, दोघंही आईवर गेलोय. म्हाताऱ्या त्साखर्लची नात वेरोनिका आता त्याची खानावळ चालवते. तिच्या डोक्यात आलं की आपल्या फ्रिश-आउफ फुटबॉल क्लबला या जुलैत शंभर वर्षं होतात, तर सोहळा करायचा. मी म्हटलं, "अगं, क्लब बंद पडून अडतीस वर्षं झाली. मेलेल्याचा वाढदिवस करतं का कोणी?" तर म्हणते, "चर्चमधल्या संतांचे करतोच की दरवर्षी, बुर्गीबाई." तशी पोरगी गुणाची आहे, पण तोंड आजोबांचं घेतलंय.

सोहळ्यात वाटायला क्लबचा इतिहास हवा. गावात दहाही बोटांनी टाइप करणारी मी एकटी, त्यामुळे तो माझ्या गळ्यात पडला. दोन महिने चपलांच्या खोक्यात भरलेली जुनी इतिवृत्तं वाचतेय. कोर्बी, आपण किती वाईट खेळायचो रे! १९२६ मध्ये सतरा-शून्य हरलो, तर सचिवाने लिहिलंय, "आपल्या बाजूने सामना उत्साहात पार पडला." १९३१ मध्ये क्लबचा एकुलता एक चेंडू ओढ्यातून वाहून खालच्या गावी गेला, तो आणायला अकरा जण गेले आणि दुसऱ्या दिवशी परतले. कारण लिहिलेलं नाही, पण तिथे बिअरची भट्टी होती. आणि टीमचे १९४७ चे लाल सदरे आठवतात ना, आई ज्यांची फडकी करायची? लिहिलंय, "लाल कापड विनासायास उपलब्ध झाले." युद्ध हरल्यावर उतरवलेल्या कसल्या झेंड्यांचं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. मधलं पांढरं वर्तुळ उसवलेल्या खुणा आमच्या फडक्यांवरसुद्धा दिसायच्या. तेही मी लिहिलंय. वेरोनिका म्हणाली, "हे हवंच का?" म्हटलं, "खरं लिहायचं तर सगळं लिहायचं."

उताराचं मैदान, गोलामागचं बदकांचं तळं, सगळं नीट आलंय. अडलंय ते १९७३ पाशी. सध्या एवढंच लिहिलंय: "२९ एप्रिलला दुपारी शेजारच्या विंकलोहच्या पोरांनी आपले गोलखांब पळवले. राखणीला गोलकीपर कोर्बिनियन होता आणि त्याचा डोळा लागला होता." गावात सांगतात तसं आहे. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते, मला काय ठाऊक असणार. तुला काही बदल हवा असेल तर कळव. पंधरा जूनला छापायला द्यायचंय. आणि सहा जुलैला, जमलं तर, ये.

तुझी बहीण,
बुर्गी

ता. क. क्विरीनने, म्हणजे तुझ्या मेहुण्याने, नमस्कार सांगितलाय. तुला नको असेल तर परत पाठव.


हास्लरॉइथ, २ एप्रिल २०१९

प्रिय कोर्बी,

कार्ड मिळालं. पंचेचाळीस वर्षांनी भाऊ लिहितो, तेही बोटीचं चित्र आणि मागे एक ओळ. "तू कुठे होतीस ते खरं लिही, मग येण्याचं बघू." उत्तर टोकाच्या त्या फ्लेन्सबुर्गात शाई महाग आहे का?

बरं. मी स्वयंपाकघरात नव्हते. झालं समाधान?

वेरोनिका म्हणाली की नव्या पोरांना सगळं उलगडून सांगावं लागेल, म्हणून मी असं लिहिलंय. वाच आणि चुकलं असेल तर सांग:

"एक मेला प्रत्येक गाव आपला उंच रंगवलेला मे-खांब चौकात उभारतं. त्याआधी, खांब आडवा पडलेला असेपर्यंत, शेजारच्या गावाला तो चोरायची मुभा असते. याला चोरी म्हणत नाहीत, रीत म्हणतात. राखणदाराने खांबावर हात ठेवून 'खांब इथेच राहणार' असं म्हटलं की चोरांनी टोप्या काढून परत जायचं. नाही म्हटलं तर खांब गेला. मग दोन पिंपं बिअर आणि पोटभर भाजलेलं डुक्कर देऊन सोडवून आणायचा. १९७१ चा आपला मे-खांब उतरवल्यावर सुताराने त्याचे गोलखांब केले. लाकूड चांगलं होतं, पण त्यावरचे निळे-पांढरे पट्टे कोणी खरवडले नाहीत."

हे पट्टेच भोवले. पंच लांड्सहूट शहरातल्या पोस्टातला माणूस होता, आठवतो? मार्चमध्येच लेखी तक्रार करून गेला की नियमाप्रमाणे गोलखांब पांढरे हवेत. म्हणून विंकलोहविरुद्धच्या सामन्याआधी रंगवायला काढले. वरच्या बाजूचा गोल शनिवारी रंगवून उभा केला. तळ्याकडचा रविवारी प्रार्थनेनंतर उपटून गवतावर आडवा घातला. तीन वाजता सामना. जिंकलो असतो तर चोपन्न वर्षांत पहिल्यांदा वरच्या गटात गेलो असतो, पुढचे दोन सामने हरलो असतो तरी. रंगवून झाल्यावर तुला तिथे राखणीला बसवलं आणि बाकीचे जेवायला गेले.

साडेबाराला मी आले. तू म्हणालास, "आईने बटाट्याचे गोळे केलेत ना? पाच मिनिटांत येतो, तू बस इथे." मी बसले. ऊन छान होतं. मला डुलकी लागली आणि तेवढ्यात ते घेऊन गेले.

घे, सगळं लिहिलं. तू झोपला नव्हतास, मी झोपले होते. छापताना मी नावच गाळते, "राखणीत ढिलाई झाली" एवढं पुरे. मेलेल्या क्लबसाठी जिवंत माणसांनी कशाला तोंडं वाकडी करायची?

आणि खरं सांगायचं तर क्लब झोपेने मेलाच नाही, म्हाताऱ्या त्साखर्लने मारला. दीड वाजता विंकलोहवाल्यांनी निरोप पाठवला होता, दोन पिंपं आणि डुक्कर द्या, खांब घ्या. देऊन मोकळं व्हायचं की नाही? आमचे हे अध्यक्ष त्साखर्ल खानावळीच्या दारात उभे राहून म्हणतात, "एकदा उभा राहिलेला मे-खांब पुन्हा चोरता येत नाही. हे गोलखांब आहेत." ते म्हणाले, "आडवा होता, पट्टे होते, म्हणजे मे-खांबच." हे म्हणाले, "पट्टे रंगवून झाकले होते." ते म्हणाले, "रंग ओला होता, म्हणजे झाकलेले धरता येत नाहीत." अर्धं गाव या बाजूला, अर्धं त्या बाजूला, आणि सगळेच मनापासून पटवून देतायत. कोणाला घड्याळ बघायची शुद्ध नाही. तीनला पंचाने शिट्टी वाजवली. त्साखर्ल म्हणाला, "एक गोल शाबूत आहे." पंच म्हणाले, "फुटबॉल दोन गोलांवर खेळतात." सामना विंकलोहला बहाल. ते बिचारे गाडीवर खांब घेऊन वेशीवरच उभे होते, गाणी म्हणत.

त्यानंतर पोरं एकेक करून विंकलोहला खेळायला गेली, आणि १९८१ मध्ये आपला क्लब त्यांच्यात विलीन. जोडनावात आपलं गाव दुसरं होतं, दोन वर्षांत तेही गळलं.

तर असं. आता येशील?

बुर्गी


हास्लरॉइथ, ५ मे २०१९

कोर्बी,

तुझं दुसरं कार्ड आलं. यावर तर बोटसुद्धा नाही, नुसता समुद्र. आणि "तू झोपली नव्हतीस."

महिनाभर ते मी पावाच्या डब्यामागे ठेवलं होतं. क्विरीनने शोधून काढलं. वाचलं, परत ठेवलं आणि म्हणाला, "मी तर कधीच सांगून टाकायला तयार होतो. तूच माझं तोंड बांधून ठेवलंस." मी म्हटलं, "गप बस." तर म्हणाला, "हे बघ, अजून बांधतेच आहेस."

तरी मी लिहिलं नसतं. पण या वर्षी मे-खांबाच्या राखणीला सगळे जमले होते. राखणीची प्रमुख कोण, तर मी. वीस वर्षं मीच आहे, हस हवं तर. तिथे अग्निशमन दलातला एक जण दुसऱ्याला म्हणाला, "कोर्बी करू नकोस रे, जागा राहा." तुला हे माहीत नसेल. तू गेलास त्या वर्षापासून गावात राखणीला झोपलेल्याला असंच म्हणतात. मी चाळीसदा ऐकलंय आणि चाळीसदा कॉफी ओतायला वळलेय. पण परवा वेरोनिकाने सहज विचारलं, "बुर्गीबाई, कोर्बी हे माणसाचं नाव होतं का हो कधी?"

कोर्बी, ते तिला माहीतच नव्हतं. तिच्या लेखी तो नुसता एक शब्द आहे.

घरी आले आणि टेबलाशी बसले. आता ऐक, मी एकदाच लिहिणार आहे.

मी जागी होते. टक्क जागी. विंकलोहची आठ पोरं गवत वाहायची गाडी घेऊन तळ्याच्या बाजूने आली. पुढे क्विरीन, चर्चचा काळा कोट अजून अंगात. तुला ठाऊक नव्हतं, पण त्याआधी दोन जत्रांना मी त्याच्याबरोबर नाचले होते. मी उठून उभी राहिले आणि खांबावर हात धरला, वीतभर वर, टेकवला नाही. त्याने टोपी काढली. म्हणाला, "रीत पाळतो. टेकवलास तर आम्ही चाललो." मी त्याच्या टोपीकडे बघत राहिले. तो म्हणाला, "दहापर्यंत मोजतो." आणि मोजायला लागला, सावकाश, हसत. पाचला मला वाटलं टेकवावा. सातला वाटलं, दोन तासांत खांब परतच येणार आहेत, वर बिअरसाठी हा संध्याकाळी खानावळीत बसेल. दहा झाले. हात तिथेच.

यापुढचं क्विरीनखेरीज कोणालाच माहीत नाही. ओला रंग, हात सटकत होते, मागचं टोक त्यांना उचलेना. ते मी उचललं. आपल्याच गोलाचं टोक खांद्याला लावून मी विंकलोहच्या गाडीत चढवलं.

तू जेवून मैदानावर गेलास आणि खांब नाहीत बघून घरी परत आलास, तेव्हा मी दुसऱ्या वाटेने घरी पोचले होते आणि हात कोपरापर्यंत पिठात घातले होते. गोळे करून झालेले, जेवणं झालेली, आणि मी परत पीठ मळतेय. तू दारात उभा राहिलास. माझ्या हातांकडे बघितलंस. रंग तो रंग आणि पीठ ते पीठ, तुला काय कळलं नसेल? पण तू वळलास, मैदानावर गेलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "माझा डोळा लागला." मुलगी विंकलोहच्या पोराला सामील झाली म्हटलं असतं तर बापाने मला घराबाहेर काढलं असतं. ते तू वाचवलंस. मी उद्या सांगेन, परवा सांगेन, असं करत वर्ष घालवलं.

आणि माझ्या साखरपुड्याला, खानावळीत, कोणीतरी तुझ्यापुढे उशी आणून ठेवली. सगळे हसले. मीही हसले. तू माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "हात धुतलेस का?" पुढच्या आठवड्यात तू बोटीवर गेलास. बाबांच्या अंत्यविधीला आलास तेव्हा थडग्याच्या पलीकडे उभा राहिलास आणि मातीचं फावडंसुद्धा माझ्या हातून घेतलं नाहीस.

खांब गेले त्याचं मला काही वाटत नाही. क्लब आज ना उद्या बुडणारच होता, दहा वर्षं ढकलत होतो. पण त्या हसण्याची मला इतकी लाज वाटते की हे लिहितानाही कान तापलेत. चुकले रे मी. फार चुकले.

हे सगळं छापणार आहे. छापून आल्यावर लोक वाचतील आणि मग माझ्या पाठीमागे बोलतील, त्यापेक्षा सहा जुलैला मी स्वतः उभी राहून वाचणार आहे. तू ये किंवा येऊ नकोस, मी वाचणार.

बुर्गी


हास्लरॉइथ, ७ जुलै २०१९

प्रिय कोर्बी,

तू आला नाहीस. माझ्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवली होती, तीनदा कोणी ना कोणी "रिकामी आहे का?" म्हणून ओढायला बघितलं, तिसऱ्याला मी जरा वस्सकन ओरडले. तो पाद्री निघाला.

खानावळ खच्चून भरली होती. मेलेल्या क्लबला एवढी गर्दी जिवंतपणी कधी झाली नाही. विंकलोहवालेही आले होते, फुकट डुक्कर म्हटल्यावर येणारच. मी उभी राहिले. सतरा-शून्यला हशा झाला, वाहून गेलेल्या चेंडूला टाळ्या. लाल सदऱ्यांपाशी म्हातारी मंडळी पेल्यात बघायला लागली, तरी मी वाचलं. मग १९७३ आलं. मी एका दमात वाचलं, मोजलेले दहा आकडे, खांद्यावरचं टोक, पीठ, उशी, सगळं. शेवटी म्हटलं, "माझा भाऊ कोर्बिनियन त्या दिवशी झोपला नव्हता. आजवर जे जे 'कोर्बी करू नकोस' म्हणालेत, त्यांनी यापुढे माझं नाव घ्यावं. ते लांब आहे, पण सवय होईल."

स्वयंपाकघरात ताटली पडली ती सगळ्यांना ऐकू आली. मला वाटलं, संपलं बाई, आता भाजी आणायलाही विंकलोहला जावं लागणार.

मग मागून आपला लेफ्ट विंगर श्टीग्लर उठला. पंच्याहत्तरीचा झालाय, गुडघा लोखंडी. म्हणाला, "म्हणजे खांब आपल्या माणसाने उचलून दिला. मग ती चोरी धरता येत नाही." विंकलोहचा एक म्हातारा टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "राखणदाराने हात टेकवला नाही, म्हणजे धरता येते." श्टीग्लर म्हणाला, "आतल्या माणसाने मदत केली तर ते दान होतं, आणि दानावर पिंपं मागता येत नाहीत." झालं! सेहेचाळीस वर्षं जणू मध्ये गेलीच नव्हती. खुर्च्या सरकल्या, दोन बाजू पडल्या, आणि माझ्याकडे कोणी बघेचना. मी एवढं काळीज काढून ठेवलं आणि यांना नियम सुचतात. मला आधी राग आला आणि मग हसू आवरेना. रडूही येत होतं. वेरोनिकाने मला बिअर आणून दिली आणि कानात म्हणाली, "बाई, तुम्हाला माफ केलंय त्यांनी. यांची रीत अशीच."

तासाभराने क्विरीन बाकावर चढला. म्हणाला, "रीत काही असो, सामना आम्ही खेळून जिंकलेला नाही. मला आयुष्यभर बायको पुरली, तो विजय तुम्ही परत घ्या." तर आपले श्टीग्लरमहाशय म्हणतात, "फुकट आम्हाला काही नको. खेळून घेऊ." असं ठरलंय: पंचवीस ऑगस्ट, रविवार, तीन वाजता, उताराच्याच मैदानावर, दोन्ही गावांचे त्या वेळचे जे जे उभे राहू शकतात ते. अर्धा तास एका बाजूला, अर्धा दुसऱ्या. डॉक्टर हजर राहील. गोलखांब लोखंडी, जमिनीत पुरलेले.

वेरोनिकाने फळ्यावर नावं लिहिली. आपल्याकडचे नऊ जण निघाले, दहाव्याला पोरांची परवानगी मिळायचीय. वरची ओळ तिने मोकळी सोडली आणि विचारलं, "गोलात कोण?" सगळे माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होते. मी म्हटलं, "विचारते."

तर विचारतेय.

बुर्गी


हास्लरॉइथ, १४ ऑगस्ट २०१९

कोर्बी,

महिनाभर काही नाही, आणि आज सकाळी कार्ड. बोट नाही, समुद्र नाही, नुसतं कोरं. "हातमोजे नऊ नंबरचे."

पोस्टमन दारातच उभा होता, मला रडताना बघून त्याला वाटलं कोणी गेलं. त्याला आत बोलावून केक दिला, तरी मी रडतेच आहे म्हटल्यावर बिचारा केक हातात घेऊनच पळाला. क्विरीनला दाखवलं तर त्याने चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे हा माणूस माझे गोल अडवणार." आता रोज संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारतोय. काल खिडकी फोडली.

तुझी खोली आवरली आहे. गादी नवी आहे. आईचे गोळे मला तिच्यासारखे जमत नाहीत, आधीच सांगते, तोंड वाकडं करायचं नाही.

नऊ नंबरचे मिळाले नाहीत, दहाचे आणलेत, आत लोकरीचे घाल. सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, चारच्या गाडीला मी स्टेशनवर येतेय. क्विरीनला बरोबर आणू, की आधी आपण दोघंच, ते तेवढं कळव.

तुझी,
बुर्गी